जोतीराम निवेदकाचा जबडा

आमच्या मालकांचं तोंड जरा बंद व्हावं, असं मी देवाला किती वेळा म्हटलं आसंल त्येची गणती न्हाई. पर देवानं ते खरंच मनावर घ्यावं, आन तेबी जत्रा महिन्यावर आली आसताना, एवढं काय मी म्हटलं नव्हतं.

मालक म्हंजी जोतीराम निवेदक. उंब्रजपास्नं आत पाच किलोमीटरवर आमचं गाव. साताऱ्यात न्हाईतर सांगलीत, जिथं कुस्तीचं मैदान तिथं माइक ह्येंच्या हातात. अठ्ठावीस वर्षं झाली. पैलवान आखाड्यात उतरला की त्येचं नाव, गाव, वस्ताद, तालीम, त्येनं कुणाला कवा कुठल्या डावावर अस्मान दावलं, समदं तोंडपाठ. लोकं म्हणत्यात, जोतीरामानं पुकारलं की हरलेल्या पैलवानालाबी जिंकल्यासारखं वाटतं. आसंल खरं. पर त्या लोकास्नी ह्या माणसासंगं एका घरात ऱ्हावं लागत न्हाई. आमची म्हस व्याली तवा ह्येंनी गोठ्यातनं आशी हाळी दिली की वरच्या आळीतली माणसं आग लागली म्हणून बादल्या घेऊन पळत आली. माझ्या माहेरचं कुणी आलं तर उंबऱ्यातच त्येंची समदी कुळी पुकारायची. बिचाऱ्यास्नी चपला काढायला सवड मिळत न्हाई.

तर एक दिस सकाळी मालकांनी जांभई दिली आन कानापाशी कट्ट वाजलं. मी गॅसपाशी उभी व्हते, मला तिथं ऐकू आलं. जांभई अर्ध्यातच थांबली आन तोंड काय पुरतं उघडंना. चावायला गेलं की कानाखाली कळ. मी म्हटलं, ऱ्हावा जरा गप, हुईल बरं. खोटं कशाला बोलू, पहिलं दोन दिस मला लय ग्वाड वाटलं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतंय, हे मला तवा कळलं.

तिसऱ्या दिशी मालक अंगणात खांबाला टेकून बसलेलं दिसलं. मान खाली. कुणी हाक मारली तरी वर बघंनात. तवा मात्र माझं काळीज हाललं, कारण त्येंच्या मनात काय चाललंय ते मला ठावं व्हतं. ह्या वर्षी जत्रंच्या मैदानात पहिल्यांदाच पोरींची कुस्ती धरली व्हती, आन त्यातली एक पोरगी आमची. शिवांजली. सतरा वर्षांची हाय, सांगलीला तालमीत ऱ्हाते, तिथंच कॉलेज करते. आजवर दुसऱ्यांची हजार पोरं पुकारली, आता माझ्या पोरीचं नाव माझ्या तोंडानं पुकारणार, असं मालक भेटंल त्येला सांगत सुटलं व्हतं. एस्टीच्या कंडक्टरलाबी सोडलं नव्हतं. आन आता तोंडच उघडंना.

पहिला इलाज नाथाजी वस्तादांनी केला. नाथाजी गावच्या तालमीचं वस्ताद, मालकांचं लहानपणापास्नंचं दोस्त. पोराचा खांदा निखळू दे, मनगट मुरगळू दे, नाथाजी चोळून बसवत्यात, त्यात त्येंचा हात धरणारा कुणी न्हाई. पर त्येंनी जबड्यालाबी खांदाच समजलं. तेल लावलं, दोन्ही अंगठं गालावर रोवलं आन म्हणालं, गड्या, श्वास सोड. मालकांनी जो श्वास सोडला तो पार उंब्रजच्या पुलापतूर गेला आसंल. दुसऱ्या दिशी गाल टम्म फुगला आन तोंडात एक बोटबी सरळ जाईना.

मंग मी शिवांजलीला फोन लावला. ती माझ्यावरच चिडली, चार दिस काय करत व्हता म्हणून. तिच्या तालमीतल्या एका पोरीचा जबडा असाच अडकला व्हता, तो सांगलीतल्याच एका डॉक्टरीणबाईंनी नीट केला व्हता. उद्या सकाळची गाडी धरा, म्हणाली, आन वस्तादकाकांना हात लावू देऊ नगा.

डॉक्टरीणबाईंचं नाव मयूरी. बघितल्यावर मला वाटलं, ही पोर काय इलाज करणार, अजून हिच्याच आईला हिची काळजी आसंल. पर कामाला लागली तशी मी गप झाले. कानाच्या पुढं बोटं ठेवून मालकांना तोंड उघडायला, मिटायला लावलं. एक्स-रेचा फोटू काढला. मंग मालकांचीच बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मधी घालायला सांगितली. धडधाकट माणसाची तीन बोटं जात्यात. मालकांचं एकच कसंबसं गेलं. कामधंदा काय, असं तिनं विचारलं. मालकांना बोलता येईना, म्हणून मी सांगितलं, वरडायचं. ती हसली. रात्री झोपंत दात खात्यात का, म्हणाली. मी म्हटलं, अगं बाई, ते दात व्हय? मला वाटायचं माळ्यावर घुशी झाल्यात.

तर जबड्याच्या सांध्याला सूज व्हती. अठ्ठावीस वर्षांचं वरडणं, रात्रीचं दात खाणं, आन वरनं नाथाजींचं अंगठं. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब विचारला, पित्त विचारलं, किडनीचं काय दुखणं हाय का विचारलं, आन सूज उतरायच्या गोळ्या लिहून दिल्या. दहा दिस, जेवण झाल्यावरच, रिकाम्या पोटी न्हाई. संगं पोट सांभाळायची एक गोळी. कानापाशी दोन येळा कोमट शेक. खाणं मऊ. ऊस, भडंग, शेंगदाणं, भाकरीचा कडा, समदं बंद. बोलणं कामापुरतं, वरडणं तर अजिबात न्हाई.

मला ऱ्हावलं न्हाई. मी म्हटलं, हळद दिली तर चालंल का? सांगलीला आलोय म्हटल्यावर हळदीचं विचारल्याबिगर कसं जायचं?

ती म्हणाली, "मावशी, सांगलीत बसून मी हळदीला नावं ठेवणार नाही. सूज कमी करणारा गुण तिच्यात आहे, त्यावर अभ्यासही चालू आहेत. पण दुधातल्या चमचाभर हळदीतनं यांच्या सांध्यापर्यंत किती पोचतं, ते मला सांगता येत नाही. गोळीचं सांगता येतं. दूध आवडतं म्हणून प्यायला द्या, गोळी औषध म्हणून द्या."

हे मला पटलं. कुणी हळदीला हसलं आसतं तर मी तिथनं उठूनच आले आसते.

घरी आल्यावर आमचा संसार मोबाइलवर सुरू झाला. मी स्वयंपाकघरात, मालक सोप्यात, आन माझ्या फोनवर मेसेज. मीठ कमी. शेक थंड झाला. शिरा परत नगं. एकदा तर आख्खं कुस्तीचं वर्णन लिहून पाठवलं, आमच्या दोन मांजरांचं, कोण कुणावर कसं चढलं त्येचं. मी वाचून हसत बसले आन आमटी उतू गेली.

गोळ्यांनी गुण दावला. दुसऱ्या दिशी कळ कमी, तिसऱ्या दिशी गाल उतरला, चौथ्या दिशी दोन बोटं आत. पाचव्या दिशी मालकांनी आंघोळ केली, पांढरा सदरा घातला आन काय दुखत न्हाई म्हणून शिवाराकडं गेलं. मीबी जाऊ दिलं. चूक माझीबी हाय.

नाथाजींच्या रानात ऊसतोड चालली व्हती. कारखाना बंद व्हायच्या आधीचा शेवटचा फड. बांधावर पाचसात गडी बसलेलं, ज्येच्या त्येच्या हातात कांडं, आन दातानं सोलायचं चाललेलं. आता आमच्याकडं ऊस खायला ज्येनं कोयता मागितला त्येची काय खैर न्हाई. त्येच्या लग्नात चिडवत्यात, त्येच्या पोराच्या बारशात चिडवत्यात. मालकांच्या हातात कांडं आलं. नाथाजी म्हणालं, काय रं जोतीराम, दात घरी ठिवून आलास व्हय? एवढंच पुरं झालं. मालकांनी कांडं दाढंत धरलं आन पहिली साल टर्रकन ओढली. दुसरी ओढली. तिसऱ्या सालीला कट्ट.

मालक घरी आलं ते हातात अर्धं सोललेलं कांडं घेऊन. तोंड अर्धं बोट उघडं. मी काय काय बोलले ते हितं सांगत न्हाई, पर त्या दिशी म्हसंनंबी वैरणीला तोंड लावलं न्हाई. मालकांना उलटून बोलता येत नव्हतं, हे एक बरं झालं. नाथाजी दारात आलं व्हतं, त्येंना मी तिथनंच परत धाडलं.

परत सांगली. ह्या वेळंला डॉक्टरीणबाई रागावतील म्हणून आमी दोघं खाली बघत बसलो. त्या रागावल्या न्हाईत, तेच जास्त लागलं.

"दुखायचं थांबलं म्हणजे सूज गेली असं नसतं," त्या म्हणाल्या. "गोळीनं सांध्याला आराम दिला होता. तो तुम्ही उसावर खर्च केलात."

आता नुसत्या गोळ्यांनी भागणार नव्हतं. सांध्याची जागा बधिर करून, बारीक सुईनं सांधा आतनं धुवून काढायचा, आन सूज मारायचं औषध थेट तिथंच सोडायचं. सुईचं नाव काढल्यावर मालकांचा चेहरा पडला. एवढ्या पैलवानांच्या छातीचं गुण गाणारा माणूस, सुईला भितो. पर त्येंनी पहिला मेसेज लिहिला तो सुईचा नव्हता. मोबाइल माझ्या हातात दिला. लिहिलं व्हतं, विचार, पोरीचं नाव पुकारता येईल का.

मी वाचून दाखवलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वचन देत नाही. जत्रेच्या आदल्या दिवशी तीन बोटं गेली तर एक कुस्ती. एकच. माइक ओठाला लावून, हळू आवाजात. ओरडलात तर पुढच्या वर्षीचंही विसरा."

सुई झाली. मालकांनी माझा हात असा दाबला की माझ्या बांगड्या वाकल्या. बाहेर येऊन मालक गाल धरून बसलं, आन मी त्येंना रागवायचं म्हणून तोंड उघडलं ते रागावताच आलं न्हाई. नुसतं डोक्यावरनं हात फिरवला. पंचवीस वर्षांत भर रस्त्यावर मी कवा असं केलं नव्हतं.

इकडं जत्रा कमिटीनं कराडचा राजवर्धन म्हणून नवा निवेदक ठरवून टाकला. त्येंचीबी चूक न्हाई, हजारो माणसांचं मैदान मुकं कसं ठेवणार. सांगायला नाथाजी आलं. दारातच उभं ऱ्हायलं, आत येऊ का असंबी विचारंनात. मालकांनी उठून त्येंचा हात धरून आत आणलं. त्या दिशीपास्नं नाथाजी रोज दोन येळा आमच्याकडं यायला लागलं. कोमट पाण्यात फडकं बुडवून, पिळून, मालकांच्या कानापाशी धरून बसायचं. पैलवान चोळणारा तो दांडगा हात, पर फडकं आसं ठेवायचं की मालक झोपून जायचं. गोळीची येळ मोबाइलमधी लावलेली. गजर झाला की मला विचारायचं, वैनी, जेवलाय का त्यो?

आन मी? मला करमंना. ज्या शांततेसाठी मी जीव टाकत व्हते तीच आता खायला उठली. दूध न्यायला येणाऱ्या बाया दोन मिंटात परत जायला लागल्या. माझा भाऊ आला, त्येनं चपला काढल्या, आत आला, बसला, आन कुणी त्येची कुळीच पुकारली न्हाई. तो म्हणाला, ताई, घरात कुणी आजारी हाय का? तवा मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावला. मला माझ्या माणसाचा आवाज पाहिजे व्हता. कान किटलं तरी चालंल, पर पाहिजे व्हता.

रोज सकाळी बोटं मोजायची. दीड. दोन. मंग चार दिस दोनावरच अडून बसलं. नाथाजी म्हणालं, माझ्या बोटांनी मोजू. मी म्हटलं, वस्ताद, तुमचं एक बोट म्हंजी ह्येंची दोन, तुमी लांबच ऱ्हावा. डॉक्टरीणबाईंनी फोनवर तोंड उघडायचा व्यायाम सांगितला, आरशात बघून, हळूहळू, जिभेचं टोक टाळूला लावून. मालक आरशापुढं, मागं नाथाजी आकडं मोजत. तालमीतल्या पोरांना सांगावं तसं. खाली दम, वर दम.

जत्रंच्या आदल्या दिशी सकाळी दोन बोटं गेली, तिसरं नखापतूर गेलं. शिवांजली रात्रीच घरी आली व्हती. ती बापाच्या समोर मांडी घालून बसली आन म्हणाली, पप्पा, न्हाई गेलं तरी चालंल, मी तुमचं नाव लावूनच खेळणार हाय. मालकांनी तिच्याकडं बघितलं, डोळं मिटलं, आन हळूच तिसरं बोट आत सरकवलं. गेलं. मी, नाथाजी, शिवांजली, तिघंबी एकदमच वरडलो. ज्येंना वरडायचं नव्हतं ते तेवढं गप बसलं व्हतं, तोंडात तीन बोटं घालून.

मैदानाच्या दिशी देवळाच्या बाजूला बायांसाठी जागा धरली व्हती. आधी आमच्याकडं बाया कुस्तीला जायच्या न्हाईत, पर गावची पोरगी खेळणार म्हटल्यावर दगडाबाईसारखी ऐंशीची म्हातारीबी काठी टेकत आली. डॉक्टरीणबाई शिवांजलीनं बोलावलं म्हणून आल्या व्हत्या, माझ्या शेजारी बसल्या. राजवर्धन पोरगा गुणी. पोरींच्या कुस्तीची येळ झाली तसा तो मालकांच्या पाया पडला आन माइक त्येंच्या हातात दिला.

मालकांनी माइक ओठाला लावला. आन बोलायला लागलं. पर ते आमचं मालक नव्हतंच. आवाज असा, की शेजारच्या माणसाला दुखऱ्या पायाचं विचारावं. मागची माणसं वरडली, आवाज वाढवा. मालकांनी वाढवला न्हाई. नाथाजींनी हात वर केला तशी हलगी थांबली. मंग पुढची माणसं मागच्यांना गप करायला लागली, आन बघता बघता समदं मैदान कान देऊन बसलं.

आधी समोरच्या पोरीचं नाव. अंकिता, कराडची. तिचं वस्ताद, तिची तालीम, तिनं कुठं कुठं कुस्ती मारली, काय म्हंजी काय गाळलं न्हाई. पाहुण्याचा मान आधी. आन मंग मालक म्हणालं, "शिवांजली जोतीराम. गाव हेच. तालीम सांगलीची. आजवरच्या कुस्त्या फार न्हाईत. ही पोर लहान असताना माझ्या मांडीवर बसून नावं ऐकायची. आज तिचं ऐका."

माझ्या शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरला.

सलामी झाली. अंकिता ताकदीची, तिनं पहिल्याच झटक्यात शिवांजलीला खाली घेतलं. मी मालकांकडं बघितलं. त्येंनी माइक खाली धरला व्हता आन दुसऱ्या हातानं स्वतःची हनुवटी गच्च पकडली व्हती, तोंडातनं आवाज निसटू नये म्हणून. मंग मीच वरडले. त्येंच्या वाटणीचंबी मीच वरडले. ऊठ बया, मान दाबून ठेव, कोपर जमिनीला लाव! मला काय कुस्ती कळत न्हाई, पर पंचवीस वर्षं ज्येच्यासंगं काढली त्येच्या तोंडनं ऐकलेलं समदं बाहेर आलं. डॉक्टरीणबाई माझ्याहून मोठ्यांदा वरडत व्हत्या, आन दगडाबाई काठी आपटत व्हत्या. पोरगी खालनं फिरली. उभी ऱ्हायली. एकदा हूल दिली, दुसऱ्यांदा अशी काय पटात शिरली की अंकिताचं दोन्ही पाय उचलले गेलं, आन पाठ मातीला लागली.

मैदान उठलं. टोप्या उडाल्या, फेटं उडालं. पंचांनी शिवांजलीचा हात वर केला, आन समदी मालकांकडं बघायला लागली. निकाल त्येंनीच पुकारायचा.

मालकांनी माइक वर घेतला. तोंड उघडलं. पुरतं उघडलं. आन आवाजच न्हाई. तसंच उभं, तोंड उघडं, माइक ओठाला.

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. अडकला, म्हणाल्या, जबडा परत अडकला, आन चपला न घालताच आखाड्याकडं निघाल्या. मी त्येंचा हात धरून खाली बसवलं.

"बसा मॅडम," मी म्हटलं. "जबडा तुमी लय झ्याक केलाय. बघा की, किती उघडलाय. रडत्यात ते."

तेवढ्यात शिवांजली माती लागलेल्या अंगानंच बापाकडं पळत आली आन त्येंच्या गळ्यात पडली. मालकांनी तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. माइक मधीच कुठंतरी दोघांच्या छातीत दबला व्हता. ना नाव, ना गाव, ना तालीम. हजारो माणसांना ऐकू आलं ते एवढंच, तोंड नीट उघडलंबी नव्हतं त्येंचं.

"माझी हाय," मालक म्हणालं. "माझी पोरगी हाय."